झेलमच्या वाळूतले दोन खड्डे

हिवाळ्याची रात्र, झेलम नदीचा काठ. अंगावर धड पांघरूण नाही, गाठीला पैसा नाही, ओळखीचं एकही दार नाही. एक बहीण आणि तिचा भाऊ वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणतात, त्यात उतरतात आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतात. पंडिता रमाबाईंनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपण त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलतो, विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाविषयी बोलतो, त्यांच्या धर्मांतरावर अजूनही वाद घालतो. त्या वाळूतल्या मुलीची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. मला ती दर वर्षी आठवते, कारण ख्रिस्ती माणूस ज्याला आशा म्हणतो ती काय असते हे मला तिच्याकडूनच थोडंफार कळलं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे, त्यापायी लोकांचा रोष पत्करलेले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या घराला अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणं जमणारं नव्हतं. रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास उरला होता, तो १८८० मध्ये ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले. रमाबाई तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या. कडेवर मनोरमा, तिला वर्षही पुरं झालेलं नव्हतं.

इतकं सोसल्यावर बाईने ख्रिस्ताचा आधार शोधला आणि तिला शांती मिळाली, अशी गोष्ट आपल्या मंडळ्यांमधून सांगितली जाते. सांगणाऱ्याची भावना खरी असते. गोष्ट तशी घडली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथे आपला जीव दिला होता. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई सिद्धान्तांवर तिथल्या धर्मभगिनींशी वाद घालत राहिल्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोच कबूल केलं की बाप्तिस्म्याने त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षं जावी लागली. ही कबुली मला फार मोलाची वाटते. दुःखातल्या माणसाला विश्वास लगेच यावा असा आपला आग्रह असतो. कुणाच्या घरी माणूस गेलं की चपला काढता काढताच आपण "देवाची इच्छा" म्हणून मोकळे होतो, बसायच्या आधी शास्त्रवचन सांगतो. पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना आशा अगदी शेवटी ठेवली आहे. आधी संकट येतं, मग धीर, मग कसाला उतरलेलं शील, आणि त्यानंतर ती. मधल्या पायऱ्या गाळायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे निघाल्या. खपाटीला गेलेली पोटं त्यांनी पाहिली, निराधार पोरींना वाटेवर गाठणारी माणसंही पाहिली. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असतं हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. सुमारे तीनशे मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला आधी घेतलेल्या शेतात त्यांना नेलं. छपरं नंतर उभी राहिली. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती, तिची मुदत नेमकी १८९८ मध्ये संपत होती. खाणारी तोंडं वाढत होती आणि हमी सरत होती. त्या वेळी रमाबाई प्रार्थनेला बसत आणि उठून विहिरीच्या, धान्याच्या, बांधकामाच्या मागे लागत. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं मुली शिकल्या. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल वाचू लागल्या.

आपल्या सुधारणावादी वाचकाला यातलं काम पटतं, प्रार्थना अडते. ती बाजूला काढली तरी रमाबाई तेवढ्याच उरतील असं त्याला वाटतं. माझं त्याच्याशी भांडण नाही, पण असं करताना आपण बाईचं म्हणणं ऐकत नाही. ज्या देवाने स्वतः भूक, अपमान आणि क्रूस सोसला तो या पोरींपासून दूर असूच शकत नाही, या भरवशावर त्या मध्य प्रांताच्या गाडीत बसल्या होत्या. आपलं दुःख संपेल अशी हमी त्यांना त्या देवाकडून मिळालेली नव्हती, आणि त्यांनी ती मागितल्याचंही दिसत नाही.

कारण दुःख संपलं नाहीच. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात, केडगावचा सगळा भार पुढे जिच्यावर सोपवायचा होता ती मुलगी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी कधीची साथ सोडली होती. समोर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पडलं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातल्या बाईला कोणी न समजावता कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. लेकीला मूठमाती दिल्यावर त्या पुन्हा त्या कागदांपाशी बसल्या. नऊ महिनेही गेले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी डोळे मिटले.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले होते.