हक्क सोडणारीला सवलत कोण देणार?

लोणावळ्यात 'विकणे आहे'चे फलक बाराही महिने दिसतात. जुना फ्लॅट नव्याने सजवलेला, नवी फरशी, नवे स्वयंपाकघर, बाजार जवळ, शनिवारच्या रात्रीची मौज दारातच. असा फ्लॅट दाखवणारा दलाल हल्ली एक गोष्ट हमखास सांगतो: मिसेसच्या नावावर घ्या, पैसे वाचतील.

वाचतात हे खरे आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावे घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आधी अट होती की पुढची १५ वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही. २०२३ मध्ये ती काढून टाकली गेली. साठ लाखांच्या फ्लॅटवर साठ हजार वाचतात म्हणून बायकोचे नाव लागते, एरवी लागले नसते. तरीही या सवलतीची मी टिंगल करणार नाही. नवऱ्याने उद्या घराबाहेर काढले तर तो कागद तिच्या कामी येईल. माझा प्रश्न दुसराच आहे. घर घेणाऱ्या बाईची सरकारने दखल घेतली, पण त्या घराखालची जमीन जिच्या माहेरची होती, तिची कोणी घेतली?

मावळात जमिनीचा सौदा ठरला की भावाला बहिणी आठवतात. वडील वारल्यावर वारस म्हणून त्यांची नावे लागलेली असतात, कधी कधी तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात, म्हणजे कोपऱ्यात. खरेदीदाराला स्वच्छ सातबारा हवा असतो. मग गाडी पाठवून बहिणीला आणतात, हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतात आणि साडीचोळी देऊन परत पाठवतात. सही का केलीस, असे विचारले तर बायका मला एकच उत्तर देतात: माहेर तुटेल. या उत्तराला अडाणीपणा म्हणणाऱ्या शहरी मैत्रिणींशी माझे भांडण आहे. सासरी मार पडला, तर रात्री जाऊन दार ठोठवायला तिला तेवढा एकच उंबरा असतो. तो टिकवण्यासाठी ती जमीन देते. हा तिने केलेला हिशेब आहे आणि त्यात तिच्याकडून घेतली जाणारी किंमत अवाच्या सवा आहे.

कायदा तिच्या बाजूने आला, पण उशिरा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ही मेख २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने निघाली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. छान झाले. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला आणि वाटणीला हा कायदा हात लावत नाही. आता मावळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या चाहुलीनेच जमिनींना पाय फुटले होते. म्हणजे पुष्कळ लेकींच्या हाती हक्क आला तेव्हा रान आधीच हातचे गेले होते.

आंदोलनात मात्र बाई पुढे लागते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला, त्यांत कांताबाई ठाकर होत्या. गोळी खाताना बाई कोपऱ्यातल्या रकान्यात नव्हती.

आणि ती शनिवारची मौज? पर्यटकांना भाड्याने देण्याच्या बंगल्यासाठी रखवालदार ठेवताना 'जोडपे' शोधतात. पगार त्याला, मागची खोली 'फुकट' आणि तिचे काम त्या खोलीत जमा. रात्री दोनला पाहुण्यांना अंडी करून देणे, सकाळी फुटक्या बाटल्या आणि घाण झालेली न्हाणीघरे साफ करणे, हे कुणाच्याच हिशेबात येत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच घरातल्या सुना काही ठिकाणी हे काम करतात. पिऊन आलेल्या पाहुण्याने हात धरला तर ती बोलत नाही, कारण खोली जाईल. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा इथे उपयोगी आहे. त्यात घरकामगार येते, घरही कामाची जागा ठरते आणि मोबदला रोख असो वा वस्तुरूपात, फरक पडत नाही. म्हणजे ती 'फुकट' खोली हाच तिचा पगार, असे आपण ठासून म्हणू शकतो. तक्रार तीन महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते.

आपल्या गटांनी दोन कामे हाती घ्यावीत, असे मला वाटते. हक्कसोडपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकाने बाईला एकटीला आत बोलवावे, कागद वाचून दाखवावा आणि तिच्या हिश्श्याची आजची किंमत रुपयांत सांगावी; त्यानंतरही तिला महिनाभर विचार करायला मिळावा. खरेदीला सूट देणाऱ्या सरकारला हे जड नाही. दुसरे काम आपल्याच हातातले आहे. तक्रारी स्वीकारायला तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. मावळात तो कोण आहे, त्याच्या नावाची पाटी वडगावला तहसील कार्यालयात लागली आहे का, हे पुढच्या बैठकीआधी कोणीतरी जाऊन पाहून यावे.