विश्लेषण : पहिली मोटारसायकल रोखीने घ्यावी की कर्जावर? जीएसटी कपातीतील बचत हप्त्यांत कशी विरते?

तीनशे पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर (जीएसटी) २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबरदरम्यान रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. गाडीही स्वस्त आणि कर्जही स्वस्त, असे चित्र त्यातून उभे राहिले. पहिल्या नोकरीतून थोडे पैसे साठवलेला तरुण शोरूममध्ये जातो तेव्हा मात्र त्याला किमतीपेक्षा आधी ‘डाऊन पेमेंट किती भरणार’ हेच विचारले जाते. साठवलेले पैसे एकदम भरावेत की हप्ते बांधून घ्यावेत? याचे उत्तर ‘हप्ता परवडतो का’ या प्रश्नात नाही. एकूण किती पैसे जाणार आणि गाडी घेतल्यावर खात्यात किती उरणार, या दोन आकड्यांत ते आहे.

जीएसटी कपातीचा फायदा नेमका किती?

करापूर्वी ७० हजार रुपये किमतीची मोटारसायकल २८ टक्के करासह ८९,६०० रुपयांना पडत होती. १८ टक्के करामुळे ती ८२,६०० रुपयांना मिळते. म्हणजे ७ हजार रुपयांची बचत. त्यावर वाहन कर, नोंदणी आणि विमा धरला की ऑन-रोड किंमत १ लाखाच्या आसपास जाते. पुढील हिशेबासाठी ऑन-रोड किंमत १ लाख धरू.

समजा खरेदीदाराने २० हजार रुपये डाऊन पेमेंट भरले आणि उरलेल्या ८० हजारांचे कर्ज ‘१० टक्के फ्लॅट’ दराने तीन वर्षांसाठी घेतले. वर्षाला ८ हजार याप्रमाणे व्याज होते २४ हजार. एकूण परतफेड १ लाख ४ हजार आणि हप्ता सुमारे २,८८९ रुपये. जीएसटी कपातीत वाचलेल्या ७ हजारांच्या तिपटीहून अधिक रक्कम व्याजात जाते.

रेपो दर कमी झाल्याचा फायदा का दिसत नाही?

गृहकर्ज बहुतांशी बदलत्या व्याजदराचे असते, त्यामुळे रेपो दर उतरला की हप्ता किंवा मुदत कमी होऊ शकते. दुचाकी कर्ज मात्र बहुतेकदा स्थिर दराचे असते. करार करताना जो दर ठरला तोच शेवटच्या हप्त्यापर्यंत राहतो. शिवाय रक्कम लहान, मुदत कमी आणि वसुलीचा खर्च जास्त, त्यामुळे वित्त कंपन्या या कर्जाला गृहकर्जापेक्षा बराच चढा दर लावतात.

‘१० टक्के’ प्रत्यक्षात १८ टक्के कसे?

फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतीसाठी मूळ रकमेवर आकारले जाते. पण ग्राहक दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. शेवटच्या वर्षात ८० हजारांपैकी फार थोडी रक्कम त्याच्याकडे उरलेली असते, व्याज मात्र पूर्ण ८० हजारांवरच धरलेले असते. हेच कर्ज घटत्या शिलकीवर, म्हणजे रिड्यूसिंग पद्धतीने मोजले तर दर १७.९ टक्के निघतो.

प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च आणि इतर शुल्क यांपोटी २,४०० रुपये आधीच कापले गेले, तर हातात पडलेल्या रकमेच्या तुलनेत हा दर २० टक्क्यांपुढे जातो. म्हणूनच बँकेचा ‘१४ टक्के रिड्यूसिंग’ दर आणि शोरूममधील ‘१० टक्के फ्लॅट’ दर समोर ठेवले, तर ऐकायला महाग वाटणारा पहिला दर प्रत्यक्षात स्वस्त असतो.

‘शून्य टक्के व्याज’ योजनेतही पैसे कुठून तरी वसूल होतात. सूट नाकारली जाते किंवा शुल्क वाढवले जाते. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते.

ठेव मोडावी की हप्ता भरावा?

‘ठेवीवर व्याज मिळतेच आहे, मग ती कशाला मोडायची?’ हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो. तो तपासण्यासाठी १ लाख रुपये साठवलेले दोघे जण घेऊ.

पहिला २० हजार भरून कर्ज घेतो, ८० हजार साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवतो आणि हप्ता पगारातून भरतो. तीन वर्षांनी त्याच्याकडे सुमारे ९७ हजार रुपये असतात. दुसरा पूर्ण १ लाख भरून गाडी घेतो. त्याला हप्ता नाही, म्हणून तेच २,८८९ रुपये तो दरमहा त्याच दराने आवर्ती ठेवीत टाकतो. तीन वर्षांनी त्याच्याकडे सुमारे १ लाख १४ हजार रुपये जमतात. गाडी दोघांकडे तीच, पगारातून जाणारी रक्कमही तीच, पण दुसऱ्याच्या हाती सुमारे १७ हजार रुपये अधिक असतात. ठेवीच्या व्याजावरील कर यात धरलेला नाही.

हे गणित एका अटीवर चालते. हप्त्याएवढी रक्कम दरमहा खरोखर बाजूला पडली पाहिजे. रोखीने गाडी घेऊन पुढची तीन वर्षे काहीच साठवले नाही, तर फायदा कागदावरच राहतो.

मग कर्ज कधी योग्य?

रोखीने गाडी घेतल्यावर खात्यात काहीच उरत नसेल, तर गणित बदलते. घरात आजारपण आले, नोकरी गेली किंवा खोलीचे डिपॉझिट भरायची वेळ आली, तर नड भागवण्यासाठी घ्यावे लागणारे वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डवरील थकबाकी दुचाकी कर्जापेक्षाही महाग पडू शकते. म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उरलेले पैसेच गाडीत घालावेत.

गाडी हेच कमाईचे साधन असेल, तर थांबण्याचीही किंमत असते. खाद्यपदार्थ पोहोचवणारा, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी किंवा एसटीची वेळ न जुळणाऱ्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार वर्षभर पैसे साठवत बसला, तर त्याची तेवढी कमाई बुडते. त्याच्यासाठी १८ टक्क्यांचे कर्जही फायद्याचे ठरू शकते.

शेतकरी कुटुंबांची अडचण वेगळी आहे. उसाचे बिल किंवा सोयाबीनचे पैसे हंगामात येतात, हप्ता मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला कापला जातो. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो आणि वित्त कंपनी व बँक दोघांचेही शुल्क लागू शकते. अशा घरात पीक विकल्यानंतर मोठी रक्कम भरून खरेदी करणे अधिक सुरक्षित.

‘पहिले कर्ज घेतले की पतइतिहास तयार होतो’ हे खरे आहे. पण त्यासाठी २४ हजारांचे व्याज भरण्याची गरज नाही. वेळेवर फेडलेल्या लहान कर्जानेही तो तयार होतो आणि चुकलेल्या हप्त्याने तितक्याच सहज बिघडतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही सांगितले आहे.

मधला मार्ग कोणता?

६० हजार रुपये भरून ४० हजारांचे कर्ज एका वर्षासाठी घेतले, तर त्याच १० टक्के फ्लॅट दराने व्याज होते ४ हजार. हप्ता येतो सुमारे ३,६६७ रुपये, म्हणजे तीन वर्षांच्या हप्त्यापेक्षा पावणेआठशे रुपयांनी जास्त. व्याज मात्र २४ हजारांवरून ४ हजारांवर येते आणि ४० हजार रुपये अडीअडचणीसाठी खात्यात राहतात. हप्ता लहान करण्यासाठी मुदत वाढवण्यापेक्षा डाऊन पेमेंट वाढवणे केव्हाही चांगले.

कर्ज शोरूममधूनच घ्यावे, असेही नाही. पगारदार पतसंस्थेचे सभासद असल्यास तिथला दर, पगार खाते असलेल्या बँकेचा दर आणि शोरूमचा दर यांची तुलना करावी. तीनही ठिकाणी व्याज ‘फ्लॅट’ आहे की ‘घटत्या शिलकीवर’, हे आधी विचारावे.

मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर?

सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो. वरील ८० हजारांच्या उदाहरणात १८ हप्ते, म्हणजे ५२ हजार रुपये भरल्यानंतरही सुमारे ४५,३०० रुपये मुद्दल शिल्लक असते. २४ हजारांपैकी १७ हजारांहून अधिक व्याज तोवर देऊन झालेले असते. त्यामुळे लवकर फेडायचे असेल तर पहिल्या वर्षातच फेडण्याचा फायदा आहे.

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर, ती व्यवसायासाठी नसतील तर, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जांना ही सवलत लागू नाही. म्हणून हे शुल्क किती, हे करारापूर्वीच पाहावे.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण, म्हणजे ‘केएफएस’ देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्क धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे ‘एपीआर’ लिहिलेला असतो. फ्लॅट आणि रिड्यूसिंगचा गोंधळ या एका आकड्याने मिटतो. विवरणात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. अटींवर विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यामुळे ‘ऑफर आजच संपते’ म्हणून घाईने सही करण्याचे कारण नाही.

विम्याकडेही लक्ष हवे. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण कर्ज देणारी संस्था तो मागते. गाडी चोरीला गेली तर भरपाईवर पहिला हक्क तिचाच असतो. जोडून दिलेल्या इतर पॉलिसी खरेच हव्यात का, हे विचारावे.

रोखीने घेणाऱ्यानेही पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत आणि ऑन-रोड किमतीतील प्रत्येक बाब लिहून घ्यावी. महागड्या गाडीसाठी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांमध्ये स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यानुसार विक्रेत्याला मनाई आहे.

हप्ता थकला किंवा संपला, तर काय?

थकलेल्या हप्त्यावर दंडात्मक शुल्क लागते, मात्र ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तरीही हप्ते सतत थकले तर गाडी जप्त होऊ शकते, आणि ज्याची रोजीरोटी तिच्यावर आहे त्याची कमाईही त्याच दिवशी थांबते.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले, असेही नाही. आरसीवर कर्जाचा बोजा नोंदवलेला असतो. वित्त संस्थेकडून ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे तो उतरवून घ्यावा लागतो. तो राहिला तर पुढे गाडी विकताना अडचण येते.

निर्णय कसा घ्यावा?

गाडी घेतल्यानंतरही तीन महिन्यांचा खर्च खात्यात उरत असेल, तर रोख खरेदी स्वस्त. तो उरत नसेल आणि गाडीवाचून कमाई अडत असेल, तर जास्तीत जास्त डाऊन पेमेंट व कमीत कमी मुदतीचे कर्ज योग्य. आणि पैसेही उरत नाहीत, गाडीवाचून काही अडतही नाही, अशी स्थिती असेल, तर हप्त्याएवढी रक्कम वर्षभर बाजूला टाकून पाहावी. ती न चुकता टाकता आली, तर पुढच्या पाडव्यापर्यंत ३४ हजारांहून अधिक रुपये जमलेले असतील. टाकता आली नाही, तर हप्ताही झेपला नसता, हे पैसे न गमावता कळेल.