गोवऱ्या आधी, रोडगे नंतर

आपल्या वऱ्हाडात जुन्या छापील पुस्तकांचे गठ्ठे अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडलेले आहेत. पानांना हात लावला की तुकडा हातात येतो. ज्यांच्याकडे असा गठ्ठा आणि लिनक्सचा एखादा जुना संगणक आहे, त्यांना सांगणं आहे: टेसरॅक्ट वापरा. पानाच्या चित्रातला मजकूर ओळखून तो टाइप केल्यासारखा काढून देणारा हा प्रोग्राम फुकट आहे आणि मराठी वाचतो. एचपी कंपनीत 1985 पासून त्यावर काम सुरू झालं आणि 2005 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. हस्तलिखितं मात्र त्याच्यासमोर ठेवू नका. रिद्धपूरकडच्या महानुभाव पोथ्यांची सांकेतिक सकळ लिपी तर त्याच्या बापालाही वाचता येणार नाही.

आधी एपीटीने तयार पॅकेज घ्या. सोबत शेवटी ‘मार’ असलेलं मराठीचं पॅकेजही घ्या. ते विसरलात तर मराठी पानाचा इंग्रजी कचरा हाती येतो. बहुतेकांचं काम इथेच संपतं. उगाच सोर्सपासून बांधायला बसण्यात काही मर्दुमकी नाही.

पण कधी बसावं लागतं. उबुंटू 22.04 च्या भांडारात टेसरॅक्ट 4.1 आहे, आणि 5.0 तर नोव्हेंबर 2021 मध्येच आला होता. नवा हवा असेल तर सोर्स उतरवा, ऑटोजेन चालवा, मग कॉन्फिगर, मेक, आणि शेवटी सुडो लावून मेक इन्स्टॉल. ऐकायला चार पायऱ्या. प्रत्यक्षात दुसरीवरच गाडी अडते आणि पोरगं विचारतं, ‘काहून अडलं बे?’

रोडग्यांचा बेत आठवा. कणीक आहे, वांगी आहेत, माणसं शेतात जमली आहेत, आणि भाजायला गोवऱ्याच नाहीत. कॉन्फिगर म्हणजे गोवऱ्या आहेत का ते आधीच बघणारी म्हातारी. ती ओरडते ते आपल्या भल्यासाठी. टेसरॅक्टला चित्र उघडायला लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते. ती सापडली नाही तर कॉन्फिगर थांबतो आणि कोणतं पॅकेज टाकून बघा तेही त्याच ओळीत लिहितो. आपण ती ओळ न वाचताच स्क्रीनचा फोटो काढून मित्राला पाठवतो. तसं करू नका. मेकने शंभर ओळी ओकल्या तर वर सरकत पहिल्या चुकीपाशी जा. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिलावळ असतात.

नवखे हमखास चकतात ते इथे: ‘लेप्टोनिका तर आहे, मग नाही का म्हणतो?’ तुमच्याकडे आहे ती चालवायची लायब्ररी. बांधायला लागतात तिच्या हेडर फायली, आणि त्या उबुंटू-डेबियनमध्ये वेगळ्या पॅकेजात असतात. त्याच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ जोडलेलं असतं, फेडोरात ‘डेव्हल’.

लेप्टोनिकाही स्वतःच बांधायला निघालात तर जास्त सावध राहा. ती पुढे पीएनजी, जेपीईजी, टिफच्या लायब्रऱ्यांवर टेकलेली आहे, पण त्या नसल्या तरी ती तक्रार करत नाही. मुकाट बांधली जाते. मग टेसरॅक्टही बांधला जातो आणि स्कॅन केलेलं पीएनजी पान उघडतच नाही. माझा एक अख्खा रविवार असा गेला. कॉन्फिगरने ‘पीएनजी: नाही’ असं केव्हाच छापलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून सुटी लायब्ररी आणून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये कोंबू नका. एकाची भूक भागवायला दहा चालते प्रोग्राम उपाशी मरतात.

मे महिन्यात अकोल्यात दुपारी मेक लावू नका, लॅपटॉप तव्यासारखा तापतो. चार कामं एकदम लावायची तर मेमरी किती आहे ते बघा. लाइट गेली तर नंतर पुन्हा मेक द्या. झालेल्या फायली तो सोडून देतो. एखाद्या अर्धवट फायलीवर अडलाच तर मेक क्लीन आहे.

बांधून झाल्यावर ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ आलं तर सुडो लावून एलडीकॉन्फिग चालवा. मराठीची फाइल सापडत नसेल तर कारण साधं आहे: पॅकेजची फाइल एका घरी, आणि तुम्ही बांधलेला टेसरॅक्ट शोधतो यूएसआर-लोकलमधल्या आपल्या घरी. तिथे नेऊन ठेवा. सोर्सचा फोल्डरही जपा, काढून टाकायची वेळ आली तर मेक अनइन्स्टॉल त्यातूनच चालतं.

मग पहिलं पान घ्या. मोबाइलचा तिरका फोटो नको. 300 डीपीआयचा सरळ स्कॅन करा, आणि निघालेल्या मजकुरातली जोडाक्षरं मूळ पानाशी ताडून बघा.