नवलाचा घांस

नव्याचे नऊ दिवस ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घरांत नवी वस्तु वर्षाकांठीं एखादीच येत असे. आतां खाण्याच्या बाबतींत तरी नवलाईस पुरते नऊ दिवसही मिळत नाहींत. काळ्या पावाचा बर्गर, चॉकलेट घातलेला डोसा, किसलेल्या चीजखालीं दिसेनासा झालेला वडापाव, असे पदार्थ शहरांतील फास्ट फूडच्या दुकानांत येतात आणि त्यांची चव नीट कळण्यापूर्वीं त्यांची जागा दुसरे घेतात. सुटीच्या दिवशीं घरांतील लहानथोर मंडळी अशा दुकानांत शिरली, म्हणजे फलकापुढें उभें राहून दोन-चार मिनिटें जी चर्चा होते, तींत काय घ्यावयाचें हें ठरतें. तें ठरवितें कोण, याचा विचार ह्या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपली जीभ ठरविते असें आपण समजतों. परंतु जो पदार्थ कधीं चाखलाच नाहीं, त्याविषयीं जिभेस मत असणार तें कोठून?

अपरिचित अन्नापुढें मनुष्याच्या मनाची जी ओढाताण होते, तिला सन १९७६ मध्यें पॉल रोझिन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 'सर्वभक्षकाचा पेच' ह्या अर्थाचें नांव दिलें. गाईस गवतापलीकडे पाहावें लागत नाहीं. मनुष्य सर्व कांहीं खाऊं शकतो, म्हणूनच त्यास नव्याची ओढ असते. आणि नवें तें विषारी निघेल ही भीतिही असते. ह्या दोन वृत्तींपैकीं एकच खरी व दुसरी खुळी असें मात्र नाहीं. आपल्या एकादशीच्या फराळाचेंच उदाहरण घ्या. साबुदाण्याच्या खिचडींतील साबुदाणा आज आपल्याकडे सेलमकडील कारखान्यांतून येतो व तो कसावा नांवाच्या कंदापासून करितात. हा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज गलबतें ह्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं तीं आपल्या स्वयंपाकघरांत नव्हतीं. आज तींच उपवासास चालतात, आणि इकडचा पुरातन गहूं मात्र त्या दिवशीं वर्ज्य! परकें अन्न आपलें होतें, तें असें हळूहळू, ओळखीच्या वस्तूचा हात धरून.

हें मर्म व्यापाऱ्यांस पुरतें ठाऊक असतें. सन १९९६ च्या ऑक्टोबरांत मॅकडोनल्ड कंपनीनें दिल्लींत व पाठोपाठ मुंबईंत दुकान उघडलें, तेव्हां तिनें आपल्या पदार्थांतून गोमांस व डुकराचें मांस अजिबात वगळलें, शाकाहारी व मांसाहारी स्वयंपाकाची जागा व भांडीं वेगळीं ठेविलीं आणि मेयोनेजही बिनअंड्याचें केलें. पुढें बटाट्याची टिक्की पावांत घालून तिनें जो बर्गर काढिला, तो वडापावावर वाढलेल्या मुंबईकरास परका कसा वाटावा?

उपवासाचें महत्त्व ह्या कंपनीस त्यापूर्वींच कळून चुकलें होतें. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं लू ग्रोएन नांवाचे गृहस्थ तिचें एक दुकान चालवीत. वस्तींत कॅथलिक लोक फार; ते शुक्रवारीं मांस खात नसत, त्यामुळें त्या दिवशीं विक्री बसे. ग्रोएन यांनीं तळलेल्या माशाचा बर्गर सुचविला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांस स्वतःची कल्पना अधिक प्रिय होती, ती म्हणजे भाजलेल्या अननसाची चकती व चीज घातलेला 'हुला बर्गर'. सन १९६२ च्या गुड फ्रायडेस दोन्ही पदार्थ विक्रीस मांडले. ग्रोएन यांच्या सांगण्याप्रमाणें माशाचे ३५० खपले आणि अननसाचे अवघे ६. दोन्ही पदार्थ त्या दुकानांत नवे, दोन्ही उपवासास चालणारे. परंतु शुक्रवारीं मासा खाणें हें त्या लोकांच्या घरचें होतें, आणि पावांत अननस हें नुसतें नवल होतें.

मग नुसतें नवल खपतें तरी कसें? तें खपविण्याचे मार्ग निराळे आहेत. पहिला मार्ग दुर्मिळतेचा. डुकराच्या मांसाचा 'मॅकरिब' नांवाचा पदार्थ सन १९८१ मध्यें अमेरिकेंत निघाला व १९८५ मध्यें बंद पडला. पुढें तो पुन्हां आला, आणि २००५ मध्यें तर त्याचा 'निरोपाचा दौरा' मोठ्या गाजावाजानें काढण्यांत आला. त्यानंतरही तो अनेकदां परत आलेला आहे! आपल्या नाटकमंडळ्यांच्या जाहिरातींतील 'अखेरचा प्रयोग' आणि त्यामागून येणारा 'लोकाग्रहास्तव आणखी एक प्रयोग' ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस ह्या युक्तीचें निराळें स्पष्टीकरण नको. उद्यां मिळणार नाहीं असें कळलें, कीं आज भूक नसतांही हात पुढें होतो.

दुसरा मार्ग डोळ्यांचा. जपानांत बर्गर किंग कंपनीनें सन २०१२ मध्यें काळा बर्गर काढिला. २०१४ मध्यें निघालेल्या त्याच्या नव्या प्रकारांत पाव व चीज हीं दोन्ही बांबूच्या कोळशानें काळीं केलेलीं होतीं आणि रश्श्यांत माकुलाची शाई होती. त्याचीं छायाचित्रें जगभर फिरलीं. असा पदार्थ घेणारा मनुष्य अन्न घेतो त्याहून अधिक, सांगण्यासारखी गोष्ट विकत घेतो. मित्रमंडळींत सांगण्याच्या आनंदासाठीं चार पैसे खर्चणें हें पाप नव्हे. मात्र आपण गोष्टीचे पैसे देत आहोंत, जेवणाचे नव्हे, एवढें ध्यानांत असावें.

तिसरी गोष्ट आपल्याच बोलण्याची. आपण जें हवें म्हणून सांगतों आणि जें घेतों, त्यांत पुष्कळदां अंतर असतें. खाण्यांतील चरबीविषयीं अमेरिकेंत फार ओरड झाली, तेव्हां मॅकडोनल्डनें सन १९९१ मध्यें ९१ टक्के चरबीविरहित असा बर्गर विक्रीस आणिला. चरबीऐवजीं पाणी व समुद्रशेवाळाचा अर्क घालून तो रसाळ ठेविला होता. त्याची स्तुति पुष्कळ झाली, गिऱ्हाइकें थोडीं आलीं, आणि १९९६ मध्यें तो बंद करावा लागला. घरून निघतांना 'आज हलकेंच खाऊं' असें ठरविणारे आणि दुकानांत पोहोंचल्यावर तळलेल्या पदार्थांची मोठी पुडी मागणारे आपणही त्याच जातीचे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं पदार्थांपुढें कॅलरीचा आंकडा लिहावा, असा नियम आपल्याकडे सन २०२२ पासून लागू झाला आहे. तो आंकडा भूक लागण्यापूर्वीं वाचला तर उपयोगी. एरव्हीं दृष्टि त्यावरून घसरून चित्राकडेच जाते.

आंकड्यांची आणखी एक गंमत आहे. ए अँड डब्ल्यू ह्या दुकानांचे एके काळचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनीं आपल्या २००७ सालच्या पुस्तकांत ती लिहून ठेविली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पाव पौंडाच्या बर्गरवर मात करावी म्हणून त्यांनीं तितक्याच किंमतींत एक-तृतीयांश पौंडाचा बर्गर काढिला. तो चालेना. चौकशी करतां असें निघालें कीं, विचारलेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक लोकांस तृतीयांश हा पावापेक्षां लहान वाटत होता. कां, तर तीन हे चारांपेक्षां कमी! पावकी, निमकी तोंडपाठ केलेल्या पिढीस हें ऐकून हसूं येईल. पण लहान, मध्यम व मोठा असे तीन पेले शेजारीं मांडलेले पाहून वजनाचा व दराचा हिशेब न करतां मधल्या पेल्याकडे बोट दाखविणारे आपल्यांतही कमी नाहींत.

आंत काय आहे, ही चौकशी तर आपल्यासारख्या शाकाहारी घरांनीं कधींही भिडेखातर सोडूं नये. मॅकडोनल्डनें सन १९९० मध्यें अमेरिकेंत बटाट्याच्या काड्या वनस्पतितेलांत तळण्याचें जाहीर केलें. त्यावर विसंबून तेथील पुष्कळ हिंदु मंडळी त्या खात असत. त्यांच्या स्वादांत गोमांसाचा अंश असल्याचें पुढें उघड झालें व २००१ मध्यें दावे दाखल झाले. २००२ मध्यें कंपनीनें क्षमा मागून शाकाहारी, हिंदु व अन्य संस्थांना एक कोट डॉलर देण्याचें मान्य केलें. भारतांतील दुकानांत अशी वस्तु वापरीत नसल्याचें तिनें त्या वेळीं जाहीर केलें होतें. आज आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका असतो, ही मोठीच सोय आहे. परंतु ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं आहेत, त्यांनीं त्यांस एवढी एक संवय लावून द्यावी: 'हें शाकाहारी आहे का?' असें न विचारतां 'ह्यांत काय काय घातलें आहे आणि कशांत तळलें आहे?' असें विचारावें.

परंतु दुकानदाराच्या ह्या साऱ्या युक्त्यांपेक्षां अधिक बलवान् अशी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे टेबलाभोंवतीं बसलेलीं आपलींच माणसें. डॅन अरीली व जोनाथन लेव्हाव यांनीं सन २००० मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग एकत्र कुटुंबांनीं मुद्दाम लक्षांत घेण्यासारखा आहे. अमेरिकेंतील एका मद्यगृहांत त्यांनीं बिअरचे चार प्रकार ठेविले. (बिअर आमच्या वाचकांच्या पंगतींत बसत नाहीं हें आम्ही जाणतों, मर्म तेवढें घ्यावें.) कांहीं टेबलांवरील मंडळींस एकामागून एक, सर्वांना ऐकूं जाईल अशी, आपली निवड सांगावयास लाविलें, कांहींना ती कागदावर गुपचूप लिहावयास सांगितलें. जेथें मोठ्यानें सांगावयाचें होतें, तेथें आधींच्यानें मागितलेलें आपण मागूं नये असें पुष्कळांस वाटलें व निवडींत वैचित्र्य वाढलें. पुढें समाधान विचारतां, कागदावर लिहिणारे अधिक संतुष्ट आढळले. मोठ्यानें सांगणाऱ्यांत त्यांच्याइतका संतुष्ट एकच होता, तो म्हणजे सर्वांच्या आधीं बोललेला! हाँगकाँगमध्यें अशीच परीक्षा घेतां लोक उलट वागले; आधींच्यानें मागितलें तेंच मागण्याकडे त्यांचा कल दिसला. पण आपल्या आवडीचें न मागितल्याचें असमाधान तेथेंही होतेंच.

आपल्या घरांत ह्या दोन्ही तऱ्हा एकाच टेबलावर दिसतात. वडील मंडळी प्रथम बोलतात. कॉलेजांत जाणारा पुतण्या, आपण इतरांहून निराळे हें दाखविण्यासाठीं, फलकावरील सर्वांत विचित्र पदार्थ मागतो. धाकटीं मुलें त्याचें पाहून तोच मागतात. आणि सर्वांत शेवटीं सूनबाईकडे पाळी आली, म्हणजे ती म्हणते, 'मला कांहींही चालेल.' मग तो विचित्र पदार्थ दोन घांसांनंतर मुलांच्यानें खाववत नाहीं, आणि अन्न टाकूं नये ह्या संस्कारानें उरलेला भाग सूनबाईच संपविते. घरीं तिनें रोज इतरांच्या आवडीचें रांधावें, आणि बाहेर आल्यावर इतरांच्या हौसेचें उष्टें खावें, ही गोष्ट कोणाच्या दुष्टपणानें घडत नाहीं. ती घडते केवळ बोलण्याच्या क्रमानें. म्हणून तिजवर कोणी बोलतही नाहीं.

ह्यास उपाय खर्चाचा नाहीं. विचारण्याचा क्रम उलटा करावा. घरांत जी व्यक्ति सर्वांच्या मागून बोलते, तिला सर्वांच्या आधीं विचारावें, आणि 'कांहींही चालेल' हें उत्तर पहिल्या खेपेस स्वीकारूं नये. मंडळी मोठी असल्यास घरीं असतांनाच प्रत्येकानें आपला पदार्थ चिठ्ठीवर लिहून द्यावा. दुकानांचीं पदार्थपत्रकें आतां मोबाइलवर पाहावयास मिळतात, तेव्हां ही गोष्ट अवघड नाहीं. नवल चाखावयाचें असेल तर जरूर चाखावें. पण तें एकच मागवून मध्यें ठेवावें, त्याचे तुकडे करून ज्यास इच्छा असेल त्यास द्यावे, आणि पोटभरीसाठीं प्रत्येकाच्या पुढें त्याच्या आवडीचा, ओळखीचा पदार्थ असावा. आजीस नवें नको असेल तर तिला मागासलेली म्हणूं नये, व नातवास हवें असेल तर त्यास उधळ्या म्हणूं नये. रोझिनच्या पेचाचीं तीं दोन टोंकें आहेत, आणि दोहोंनीं मिळूनच मनुष्यजात आजवर जगली आहे.

शेवटीं त्या पदार्थाची परीक्षा. पहिल्या खेपेस आपण जें विकत घेतों, तें नांवानें, रंगानें, दुर्मिळतेनें वा शेजारच्या माणसाच्या डोळ्यांनीं घेतलेलें असतें. आठ दिवसांनीं घरांत कोणास त्याची आठवण होऊन तेंच पुन्हां खावेंसें वाटलें, तर ती खरेदी जिभेची समजावी, आणि तिला खुशाल पैसे द्यावे. आठवण न झाली, तर एक तुकडा चाखून हौस भागली असें मानावें. पुढील सुटीस बाहेर पडण्यापूर्वीं ह्या रीतीचा एकवार प्रयोग करून पाहावा, आणि त्या दिवशींचा पहिला प्रश्न सूनबाईस विचारावा, एवढीच आमच्या वाचकांस विनंति.