एका दमात गोवा? माफ करा, मी नाही!

परवा भाच्याने आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. दिवाळीत सगळ्यांनी गाडीने गोव्याला जायचं, तेही कोल्हापूर-आंबोलीमार्गे, म्हणजे आजीला अंबाबाईचं दर्शन आणि आम्हाला घाट. बेत झकास! शीटही झकास. टोल आहे, पेट्रोल आहे, चहा कुठे घ्यायचा ते आहे, कोणी कुठे बसायचं तेसुद्धा आहे. शुक्रवारी रात्री १० ला वसई सोडायची आणि शनिवारी दुपारी जेवायला पणजी. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर.

मी ती शीट तीनदा वाचली. गाडी चालवणारा माणूस झोपणार कधी, हा रकाना काही सापडला नाही.

विचारलं तर उत्तर आलं, "मामा, मी यंग आहे. एका दमात मारतो!"

मंडळी, आजचा लेख या ‘एका दमात’वर आहे. भाच्यावर रागावलेलो नाही. हा रोग आपल्या अख्ख्या नातेवाईक मंडळींना आहे. लग्नात दोन साडू भेटले की पहिला प्रश्न, "किती वाजता निघालात?" आणि दुसरा, "किती तासात आलात?" वाटेत काय पाहिलं हे कोणी विचारत नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर पूर्ण झालं, आणि आमच्या ओळखीत लगेच आठ तासांची फुशारकी सुरू झाली. रस्ता चांगला झाला म्हणजे माणसाला विश्रांती मिळायला हवी. आपण मात्र वाचलेल्या वेळात आणखी किलोमीटर कोंबतो.

आता भाच्याचे मुद्दे घेतो, एकेक करून.

पहिला, रात्री रस्ते मोकळे असतात. कुठले रस्ते? रात्री १० ला वसईतून निघून वर्सोव्याचा पूल आणि घोडबंदर ज्याने केलंय त्याला हे सांगू नका. ट्रकच्या रांगेतून ठाण्याला लागेपर्यंतच अर्धा जीव जातो. आणि रस्ता मोकळा असला तरी पहाटे दोन ते पाच ही शरीराची झोपायची वेळ, ती मोकळ्या रस्त्यावरच जास्त छळते. गर्दीत निदान माणूस शिव्या देत जागा तरी राहतो!

दुसरा, रजा वाचते. भाचेबुवा, तुम्ही शुक्रवारी सकाळी विरार लोकलला लोंबकळत अंधेरीला जाणार, दिवसभर काम करणार, पुन्हा उभ्याने वसईला येणार, आंघोळ करून स्टिअरिंग धरणार. म्हणजे पणजीत जेवण होईपर्यंत तुम्ही तीस तास जागे. मग शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ हॉटेलच्या खोलीत घोरणार. वाचली कुठे रजा? समुद्रावरून काढून गादीवर टाकली, इतकंच.

तिसरा, कोल्हापूरच्या मुक्कामाचा खर्च वाचतो. हा मुद्दा खरा आहे. दोन खोल्यांचे पैसे वाचतात. पण त्या पैशांच्या बदल्यात काय पणाला लावतोय, ते एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आता माझी गोष्ट. घरात ही कोणाला सांगितलेली नाही, आज सांगतो. मे २००८, वसई ते वेंगुर्ले, एका दमात, चालक अस्मादिक. कराड सोडलं होतं, पहाटेचे साडेचार. सगळे झोपलेले. मला वाटत होतं मी जागा आहे. एकदम खडखड आवाज आला, डावी चाकं रस्त्याखालच्या खडीवर होती. गाडी रस्त्यावर आणली. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. डोळा तीनच सेकंद लागला असेल तर सासष्ट मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं, आणि आत आम्ही पाच जण होतो. वेंगुर्ल्याला पोचल्यावर मी काय केलं? साडूंना फोन करून किती तासात आलो ते सांगितलं! त्या दिवसाची लाज मला आजही वाटते, डुलकीपेक्षा त्या फोनची जास्त. आई मागच्या सीटवर होती. काही बोलली नाही. पण तेव्हापासून माझ्या गाडीत ती झोपत नाही, रात्र असो की दिवस.

बरं, हे फक्त आपलंच नाही. आपण भाड्याची गाडी करतो तेव्हा ड्रायव्हरला दिवसभर अष्टविनायक फिरवतो आणि "रात्रीच निघूया, एक दिवसाचं भाडं वाचेल" म्हणतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. युरोपात ट्रकचालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. ज्याचा तो रोजचा धंदा, त्याच्यासाठी हा नियम. आणि आपण, आठवड्याला फार तर डीमार्टपर्यंत गाडी काढणारे, सरळ चौदा तास मारणार!

म्युनिकची आमची पुतणी गेल्या वर्षी व्हेनिसला गाडीने गेली. मध्ये आल्प्स, ब्रेनरचा घाट, तेराशे मीटरच्या वर. अंतर साडेपाचशेच्या आसपास, रस्ता लोण्यासारखा. तरी तिने इन्सब्रुकला एक रात्र काढली. मी विचारलं, गरज होती का? म्हणाली, "काका, डोंगर बघायलाच तर निघालो होतो."

तेच म्हणतोय मी. आंबोली घाट हा थकलेल्या माणसाने उतरायचा घाट नाही. धुकं असतं, वळणं आहेत, खालच्या गियरमध्ये सावकाश उतरायचं असतं, आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. या सगळ्याला डोकं ताजं लागतं. तुमच्या शीटप्रमाणे तो घाट नेमका रात्रभराच्या जागरणानंतर येतो.

म्हणून माझी शीट अशी. शनिवारी पहाटे पाचला, झोप काढून, वसई सोडायची. दर दोन तासांनी थांबायचं, आजीच्या गुडघ्यांसाठी म्हणा हवं तर. संध्याकाळी कोल्हापूर, मुक्काम. रविवारी सकाळी अंबाबाई, मिसळ, मग निपाणी-आजरा करत उजेडात आंबोली. खोल्यांचे पैसे मी देतो.

भाच्या, हे पटत नसेल तर तू खुशाल एका दमात जा, पण मग मी आणि आजी ट्रेनने येऊ. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "उजेडात गेलो तर मी पण जरा झोपेन."

असो. बाकीच्यांनी आपापलं मत कळवावं. तासांचा हिशोब मात्र कृपया सांगू नका!