शिडीची पहिली पायरी

परदेशात नाव काढलेल्या माणसाचे मूळ गाव शोधून काढण्याची मराठी समाजाला हौस आहे. १४ जून २०१७ रोजी डॉ. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड हे छोटेसे गाव एका दिवसात जगाच्या नकाशावर आले. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे तेथले. ते इंग्लंडमध्ये गेले, तेथे आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील एका परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे हे कुटुंब डब्लिनमध्ये स्थिरावले. १८ जानेवारी १९७९ रोजी लिओ यांचा जन्म झाला. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानपदावर असताना ते खासगी भेटीसाठी वराडला येऊन गेले. गावकऱ्यांनी त्यांचे स्वागत केले, घरचा माणूस घरी आल्याचा आनंद साजरा झाला. त्यात वावगे काहीच नाही.

परंतु या आनंदात मूळ गोष्ट बाजूला पडली. वराडकर वाढले ते आईच्या कॅथलिक वळणात आणि डब्लिनच्या वातावरणात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते डॉक्टर झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातही त्यांनी काही काळ उमेदवारी केली, हा आपल्याला जोडणारा एक धागा. मात्र त्यांना पंतप्रधानपदापर्यंत नेले ते कोकणच्या मातीने नव्हे. परदेशी बापाचा मुलगा, पाठीशी घराण्याची राजकीय पुण्याई नाही, असा एक तरुण अठरा वर्षांत देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर पोहोचतो, याचे उत्तर त्या देशाच्या स्थानिक निवडणुकांत सापडते. आणि ते उत्तर वराडपेक्षाही बार्शीटाकळीच्या माणसाने अधिक लक्षपूर्वक ऐकावे असे आहे.

११ जून १९९९ रोजी आयर्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. वैद्यकशास्त्र शिकणारा वीस वर्षांचा लिओ ‘फिने गेल’ पक्षातर्फे डब्लिनच्या उपनगरात उभा राहिला आणि सपाटून पडला. मते मिळाली अवघी ३८०. आपल्याकडे एखाद्या प्रभागात इतकी मते पडलेल्या उमेदवाराला पुढच्या खेपेस तिकीट मागायलाही संकोच वाटेल! २००३ मध्ये फिंगल परगणा परिषदेत एक जागा रिक्त झाली, तेथे पक्षाने त्यांना स्वीकृत सदस्य म्हणून पाठवले. २००४ ची निवडणूक आली तेव्हा कॅसलनॉक प्रभागात त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मते पडली. त्या वर्षी सबंध देशात एवढी मते दुसऱ्या कोणत्याही स्थानिक उमेदवाराला मिळाली नव्हती. (पसंतीक्रमाची ही पद्धत वऱ्हाडातल्या सुशिक्षितांना परकी नाही. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे आकडे लिहिले आहेत, त्यांना आयर्लंडची निवडणूक समजावून सांगावी लागणार नाही.) २००७ मध्ये ते डब्लिन पश्चिम मतदारसंघातून संसदेत गेले. २०११ पासून वाहतूक, मग आरोग्य, मग समाजसंरक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली आणि अडतिसाव्या वर्षी ते पंतप्रधान झाले.

१९९९ चा पराभव आणि २००४ चा विजय यांच्यामध्ये बरोबर पाच वर्षे आहेत. हा योगायोग नाही.

आयर्लंडलाही एकेकाळी तोच रोग जडला होता, ज्याने आज महाराष्ट्र कण्हतो आहे. सरकारला सोयीचे नसले की स्थानिक निवडणुका पुढे ढकलायच्या. १९८५ नंतरची निवडणूक १९९१ मध्ये झाली, आणि त्यानंतरची थेट १९९९ मध्ये. आठ वर्षे! अखेर तेथील जनतेलाच कौल विचारण्यात आला. राज्यघटनेत विसावी दुरुस्ती करून दर पाच वर्षांच्या आत स्थानिक निवडणूक घेणे बंधनकारक करायचे का, यावर सार्वमत झाले. लोकांनी होकार दिला. ते सार्वमत झाले त्याच दिवशी, ११ जून १९९९ ला. म्हणजे ज्या दिवशी वीस वर्षांचा लिओ वराडकर हरला, त्याच दिवशी त्याच्या देशाने त्याला पुढच्या संधीची तारीख घटनेत लिहून दिली. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४ अशी ही मालिका तेव्हापासून अखंड चालू आहे.

आयर्लंड आणि भारत यांचे देणेघेणे जुने आहे. लोकमान्यांनी १९१६ मध्ये जी होमरूल चळवळ उभारली, तिचे नावच आयरिश लढ्यातून आलेले. आपल्या घटनाकारांनी राज्यनीतीची मार्गदर्शक तत्त्वे घेतली तीही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून, आणि ग्रामपंचायतींना स्वराज्याचे घटक म्हणून उभे करण्याचा आदेश देणारे ४० वे कलम त्याच तत्त्वांत बसलेले आहे. पुढे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरली, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन आले. कागदावर पाहिले तर या बाबतीत भारत आयर्लंडच्या सहा वर्षे पुढे होता.

कागदाबाहेरचे चित्र पाहण्यासाठी अकोला जिल्हा पुरेसा आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणाबाबत जो निर्णय दिला, तो अकोला, वाशीम, नागपूर, भंडारा, गोंदिया अशा विदर्भातील जिल्हा परिषदांच्या वादातूनच निघाला. अकोला जिल्हा परिषदेतील काही सदस्यांची पदे मध्येच गेली, पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, मागासवर्गीयांचा हक्कही खरा होता. त्यासाठी लागणारी माहिती वेळेत गोळा करणे हे शासनाचे काम होते, ते झाले नाही. मग प्रभागरचना कोणी करायची, सदस्यसंख्या किती ठेवायची, यावरून कायदे बदलत राहिले. अकोला महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्याच वर्षी जूनअखेर राज्यातले सरकार बदलले, प्रशासक मात्र बदलले नाहीत. जिल्हा परिषदेची आणि तिच्यासोबत निवडल्या गेलेल्या पंचायत समित्यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली, तेथेही तेच झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, तीही मुदत वाढवून घेण्यात आली. नगरपालिका-नगरपंचायतींचे मतदान झाले डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांचे जानेवारी २०२६ मध्ये. अकोल्याच्या नागरिकाला पावणेचार वर्षे आपला नगरसेवक नव्हता. या काळात दोन्ही बाजूंची सरकारे होऊन गेली. दोष एकाच्याच माथी मारून मोकळे होण्याची सोय येथे कोणालाही नाही.

प्रशासक वाईट असतो असे नाही. काही प्रशासकांनी चांगली कामेही केली. पण नाली तुंबली तर नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येते, प्रशासकाकडे अर्ज करून पोच घ्यावी लागते. आणि यापेक्षाही मोठे नुकसान दिसत नाही, कारण ते माणसांचे आहे. बार्शीटाकळी हे अकोल्याजवळचे, कालंकादेवीच्या प्राचीन हेमाडपंती मंदिराचे तालुक्याचे ठिकाण. अशा गावात विशी-पंचविशीचा होतकरू कार्यकर्ता सार्वजनिक जीवनात शिरणार कोठून? ग्रामपंचायत, नगरपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद हीच त्याची दारे. सबंध आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या गणनेनुसार ५१ लाखांच्या आसपास आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या मिळून ४७ लाख. तिकडच्या लोकसभेत २०२४ च्या निवडणुकीत १७४ सदस्य निवडून गेले. इकडे या दोन जिल्ह्यांना विधानसभेच्या जागा तेरा. स्वतंत्र राष्ट्र आणि दोन जिल्हे यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य. तरी वरच्या मजल्यावर जागा किती थोड्या आहेत आणि खालच्या मजल्याचे महत्त्व किती, ते यातून कळते. तो खालचा मजलाच चार-चार वर्षे कुलूपबंद राहिला, तर उरतात फक्त नेत्यांची मुले. त्यांना शिडीची गरज नसते, त्यांचा जन्मच गच्चीवर झालेला असतो.

शिडी शाबूत होती तेव्हा वऱ्हाड-विदर्भानेही माणसे दिली. वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९६३ मध्ये मुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूर महापालिकेत नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. पालिकेच्या सभागृहात अंदाजपत्रकाची पाने उलटत ज्याने उमेदवारी केली, त्याला मंत्रालयातील फाइल फसवू शकत नाही.

वराडकरांच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रसंग सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याने मुद्दाम समजून घ्यावा. २०१७ मध्ये फिने गेलच्या नेतेपदासाठी सायमन कोव्हेनी आणि वराडकर यांच्यात लढत झाली. पक्षाच्या नियमाप्रमाणे संसद सदस्यांच्या मताला ६५ टक्के, सामान्य सभासदांच्या मताला २५ टक्के आणि स्थानिक नगरसेवकांच्या मताला १० टक्के वजन होते. सामान्य सभासदांनी कोव्हेनींना ७,०५१ मते दिली, वराडकरांना ३,७७२. खासदार मात्र मोठ्या संख्येने वराडकरांच्या बाजूने होते, नगरसेवकांतही त्यांना १२३ विरुद्ध १०० असे आधिक्य मिळाले, आणि ते जिंकले. सभासदांचा कल एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, ही गोष्ट खटकणारीच आहे. पण प्रत्येकाच्या मताचे वजन आधी लिहून ठेवलेले होते, मोजणी उघड झाली आणि देशाचा पंतप्रधान ठरवताना एखाद्या आडगावच्या नगरसेवकाचे मतही मोजले गेले. आपल्याकडे नगराध्यक्षाचा उमेदवारसुद्धा ‘वरून’ येतो. याला कोणताही पक्ष अपवाद म्हणता येईल, अशी आज स्थिती नाही.

सत्तेवर आल्यानंतरचे वराडकर संमिश्र आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असताना उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या उभ्या राहू नयेत, यासाठी त्यांनी चिवटपणे वाटाघाटी केल्या. ऑक्टोबर २०१९ मधील बोरिस जॉन्सन यांच्याबरोबरच्या भेटीतून मार्ग निघाला. २०२० च्या साथीत त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक पाळी काम केले. दुसरीकडे घरांच्या टंचाईने त्यांचे सरकार पोखरले, २०१९ मध्ये बेघरांचा आकडा दहा हजारांवर गेला. डॉक्टरांबरोबरच्या एका कराराचा मसुदा त्यांनी परिचितास दिल्याचे प्रकरण गाजले, पोलीस चौकशी झाली, २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. समलिंगी विवाह आणि गर्भपात या प्रश्नांवरील त्यांच्या भूमिका या मासल्याच्या अनेक कुटुंबांना पटणार नाहीत. पण त्या त्यांनी लपवल्या नाहीत, सार्वमताला सामोऱ्या नेल्या, आणि तेथील मतदारांनी आपला निर्णय दिला. २०२० च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांनाही हिसका दाखवला. पंतप्रधान असूनही स्वतःच्या मतदारसंघात ते पहिल्या क्रमांकावर नव्हते, मतमोजणीच्या पाचव्या फेरीत निवडून आले. त्यानंतरच्या आघाडीत उपपंतप्रधानपद स्वीकारून ते थांबले आणि ठरल्याप्रमाणे डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. अडीच वर्षांनी खुर्ची देण्याचा शब्द दोन प्रतिस्पर्धी पक्षांनी पाळला, हे वाचून महाराष्ट्रातील वाचकाला काय आठवेल ते सांगण्याची आवश्यकता नाही!

मार्च २०२४ मध्ये कुटुंबव्यवस्थेविषयीची दोन्ही सार्वमते सरकार मोठ्या फरकाने हरले. २० मार्चला वराडकरांनी पद सोडण्याची घोषणा केली. वय पंचेचाळीस. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. डब्लिन पश्चिममध्ये त्यांच्या पक्षातर्फे एमर करी निवडून आल्या. त्या २०१९ मध्ये पहिल्यांदा फिंगल परिषदेच्या सदस्य झाल्या होत्या, त्याच कॅसलनॉक प्रभागातून.