तारेवरचा डबा कोणाचा?

घरातल्या वस्तूंची मालकी ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. शेगडी आपली, पण सिलिंडर गॅस कंपनीचा आणि त्याच्या डोक्यावरचा रेग्युलेटरही कंपनीचाच. दिवा आपला, पंखा आपला, पण मीटर वीज कंपनीचा. तरीसुद्धा २००३ च्या वीज कायद्यातले ५५ वे कलम काढून पाहावे. ग्राहकाने स्वतःच मीटर विकत घ्यायचे ठरवले, तर त्याच्याकडून मीटरची अनामत मागू नये, अशी सोय त्यात आहे. म्हणजे वीज त्यांची, पण मोजायचे यंत्र आपले, ही कल्पना कायद्याला अगदीच परकी नाही.

आता आपल्या दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, धूळ खात लुकलुकणाऱ्या त्या डब्याकडे वळू. घरातली मुले त्याला 'वायफाय' म्हणतात, तंत्रज्ञ 'मोडेम' म्हणतात आणि आजी 'ते लाल-हिरवे' म्हणते. तो डबा कोणाचा? दहा घरांत विचारले तर निदान सहा घरांत नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आणि एके दिवशी कंपनीचा निरोप येतो, "आपल्या उपकरणास यापुढे सपोर्ट मिळणार नाही." मग मात्र हा प्रश्न एकदम ऐरणीवर येतो.

जुन्या पिढीला काळा टेलिफोन आठवत असेल. तो घरात आला की क्रोशाचा रुमाल त्याच्यावर पडायचा, आणि शेजारपाजारचे निरोप त्याच्यावर यायचे. पण रुमाल आपला, फोन सरकारचा! १९४८ साली बंगलोरला निघालेल्या सरकारी कारखान्यात ती यंत्रे तयार होत. १९८४ मध्ये टेलिफोनची यंत्रे बनवायला खासगी कारखानदारांना मोकळीक मिळाली, आणि मग हळूहळू बटणांचे रंगीबेरंगी फोन बाजारात आले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा तर मामला उलटाच होता. निगम नाव आणि परवलीचा शब्द देई, मोडेम ज्याचा त्याने आणायचा. तो किर्र, टूं, खर्र असा ओरडत असे, पण ओरडणारा आपल्या मालकीचा असे. तांब्याच्या तारेवरची ब्रॉडबँड सेवा २००५ च्या सुमारास आली, तेव्हा मोडेम भाड्याने घेण्याची रीत रुळू लागली. भाडे दरमहा थोडेसेच. थोडेसे म्हणून कोणी बेरीज करीत नाही.

परदेशात या प्रश्नावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. अमेरिकेत टेलिफोनच्या तोंडाला लावायची एक साधी वाटी निघाली होती. बोललेले शेजारच्याला ऐकू जाऊ नये, एवढाच तिचा उपयोग. तिकडच्या बड्या टेलिफोन कंपनीने तीवरही हरकत घेतली! परकी वस्तू आमच्या यंत्राला लावायची नाही, असा तिचा हेका. १९५६ मध्ये न्यायालयाने तो मोडून काढला. नंतर टेक्सासच्या टॉम कार्टर नावाच्या गृहस्थाने, रानात काम करणाऱ्यांचा रेडिओ टेलिफोनला जोडणारे उपकरण काढले. त्याचा निकाल १९६८ साली लागला. जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडायला हरकत नाही. घरोघरच्या मोडेमला वाट मोकळी झाली ती या निकालामुळे. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून मोडेम-राउटर निवडण्याचा हक्क कायद्यानेच ग्राहकाला दिला आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचे आणि जर्मनीचे. आमच्या घरी त्याचे काय? म्हणून अच्छाडची हकीकत सांगतो.

अच्छाड म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्याचे टोक. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्र इथे संपतो आणि पलीकडे गुजरात लागतो. १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव तालुक्यातली पुष्कळ गावे तिकडे गेली, आणि ही सरहद्द उभी राहिली. आमचे धाकटे बंधू शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर तिथे एक छोटेसे दुकान चालवतात. झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज. गाव त्यांना अजून 'गुरुजी' म्हणते. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, जे काही आता संगणकावरून मागावे लागते, ते घेऊन पाड्यापाड्यांतून वारली मंडळी त्यांच्याकडे येतात.

गेल्या वर्षी त्यांना कंपनीचा निरोप आला. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. निरोपाचा मतलब असा, की तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या काचतंतूच्या डब्याला यापुढे सपोर्ट नाही. आमचा डबा दरमहा भाड्याने घ्या. दुसरा एखादा असता तर मुकाट्याने सही करता. पण गुरुजींनी आयुष्यभर मुलांना "म्हणजे काय?" असे विचारलेले. त्यांनी फोन करून तोच प्रश्न कंपनीच्या माणसाला विचारला. "सपोर्ट नाही, म्हणजे काय?"

वाचकहो, हा प्रश्न लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण या दोन शब्दांचे तीन निरनिराळे अर्थ होतात.

पहिला अर्थ : डबा चालणारच नाही. तांब्याची तार काढून काचतंतू आणला, तर तांब्यावरचा जुना मोडेम कितीही धडधाकट असो, तो निरुपयोगी. रॉकेलच्या स्टोव्हला गॅसची नळी लावण्यासारखेच ते. मोबाइल कंपन्यांच्या सीडीएमए पद्धतीच्या डोंगलांचेही असेच झाले. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाइलवरची बोलण्याची सेवा बंद केली, टाटांचा ग्राहकांचा मोबाइल व्यवसाय १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये गेला, आणि कपाटात उरलेल्या त्या डोंगलांना कोणी वाली उरला नाही.

दुसरा अर्थ : डबा चालेल, पण बिघडला तर आम्ही येणार नाही.

तिसरा अर्थ सगळ्यांत फसवा. डबा बनवणाऱ्या कारखान्याने त्याच्या आतल्या आज्ञावलीची डागडुजी बंद केली आहे. असा डबा वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या दाराची कडी मोडलेली असते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते कारखान्याने घातलेले मूळ परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते म्हणून.

पहिल्या अर्थाला इलाज नाही. तिसऱ्या अर्थाचा डबा बदलावाच. तिथे काटकसर कामाची नाही. पण दुसरा अर्थ असेल, तर घाबरण्याचे काहीच कारण नाही. गुरुजींच्या बाबतीत बरीच टोलवाटोलवी झाल्यावर उत्तर मिळाले, ते हेच दुसरे. त्यांनी आपला डबा ठेवला.

त्याची परीक्षा झाली ती ऐन मुदतीच्या दिवशी. एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज रात्री बारापर्यंत जायचा होता. बाप मजुरीहून परस्पर आलेला, मुलगी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी. आणि दुपारपासून डब्यावर लाल दिवा! मी दिवाळीपूर्वी चार दिवस तिकडे गेलो होतो, म्हणून हे सारे डोळ्यांनी पाहिले. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "गुरुजी, डबा तुमचा आहे, आम्ही काय करणार?"

गुरुजी शांतपणे शेजारच्या टायरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे कंपनीचाच भाड्याचा डबा, आणि त्यावरही तोच लाल दिवा. या दिव्याचा अर्थ एवढाच, की तारेतून प्रकाश येत नाही. तेव्हा दोष डब्याचा नव्हे, तारेचा. त्यांनी दोन्ही डब्यांचे फोटो काढून तक्रार नोंदवली, क्रमांक लिहून घेतला. रस्त्याकडेच्या खोदकामात तार तुटली होती. ती दुसऱ्या दिवशी जोडली गेली.

पण अर्ज दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबणार नव्हता. मोबाइलवरून पाठवावा, तर भिंतीआड सिग्नल येईना. शेवटी नाक्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. तिथे फोन कधी महाराष्ट्राचा होई, कधी गुजरातचा. बाप पुन्हा पुन्हा विचारी, "गुरुजी, आज फारम जाईल ना?" रात्री पावणेअकराला गुजरातच्या मनोऱ्यावरून महाराष्ट्राचा अर्ज गेला. पावतीचा क्रमांक मुलीने वहीत लिहून घेतला, दोनदा ताडून पाहिला, आणि मगच ती हसली.

तेव्हा ज्यांना स्वतःचा डबा ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. काही कंपन्या तो चालू देतात, काही देत नाहीत; म्हणून जोडणी घेण्यापूर्वीच विचारावे. काचतंतूची पद्धत जीपॉन की ईपॉन, हे विचारून मगच डबा घ्यावा. एकीचा डबा दुसरीला चालेलच असे नाही. डब्याचा अनुक्रमांक कंपनीच्या केंद्रात नोंदवून घ्यावा, कारण नोंद नसेल तर केंद्र त्याला ओळख देत नाही. जोडणीचे नाव, परवलीचा शब्द आणि व्हीलॅनचा आकडा वहीत लिहून ठेवावा. तंत्रज्ञाच्या डोक्यात तो असून आपल्याला उपयोग नाही. कंपनी अगदीच अडून बसली, तर तिचा डबा नुसता तारेपुरता ठेवून त्याच्यामागे आपला राउटर लावता येतो. घरातले वायफाय आणि परवलीचे शब्द तरी आपल्या हातात राहतात.

आणखी एक. जुन्या काळ्या फोनला केंद्रातून तारेवरूनच ४८ व्होल्टची वीज मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो वाजायचा. काचतंतूतून वीज वाहत नाही. पावसाळ्यात वीज गेली की डबाही गेला. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. आपल्या डब्याचा आकडा पाहून तेवढीच लहान बॅटरी जोडली, तर दोन-तीन तासांची सोय होते. गुरुजींनी ती आता बसवली आहे.

दिवाळीची साफसफाई आटोपली असेल, तर माळ्यावर निघालेले जुने मोडेम भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आणि लाडू वळून झाल्यावर पाच मिनिटे काढून इंटरनेटच्या बिलावर डब्याचे भाडे आहे का, ते पाहा. असेल, तर बाराने गुणा. आलेला आकडा रास्त वाटला, तर भाडे खुशाल चालू ठेवा. दुरुस्तीची कटकट नको असणाऱ्या घराला ते सोयीचेच असते. पण गुणाकार करून मग ठेवा.